गप्प बसणाऱ्यांचा वाटा

घरात स्टुडिओ काढला म्हटलं की लोक माइकची किंमत विचारतात. सॉफ्टवेअर कुठलं, भिंतींना काय लावलंय, हेही विचारतात. घरात माणसं किती आणि त्यातली गप्प बसू शकणारी किती, हे मात्र कुणी विचारत नाही. खरं म्हणजे चौकशी तिथूनच सुरू व्हायला हवी. चिरंजिवांनी आमच्या मधल्या खोलीत स्टुडिओ थाटल्यापासून मी या विषयाचा बराच अभ्यास केला आहे, आणि तो सगळा तोंड बंद ठेवून.

मधली खोली म्हणजे पूर्वी जिथे इस्त्रीचे कपडे, जुने दिवाळी अंक, पाहुण्यांच्या गाद्या आणि आकाशकंदिलाचा सांगाडा गुण्यागोविंदाने नांदत असत ती. आता तिथे एक कंडेन्सर माइक आहे. तो बंद असला तरी त्याच्यासमोर आम्ही दबक्या आवाजातच बोलतो. त्याला चालायला 48 व्होल्ट लागतात आणि ते त्याच्या आवाजाच्या वायरीतूनच त्याच्याकडे पोचतात, वेगळा प्लग नाही. वायरींच्या बाबतीत या खोलीत झालेली काटकसर ती एवढीच. शिवाय ऑडिओ इंटरफेस नावाची डब्यासारखी पेटी, हेडफोन आणि दोन स्पीकर. त्यांना स्पीकर म्हणायचं नाही, मॉनिटर म्हणायचं. माइकच्या तोंडापुढे गोल जाळी असते, ती पॉप फिल्टर. 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून सुटणारा वारा माइकच्या पडद्यावर आदळला की धप्प असा आवाज येतो, तो अडवायला ती असते. मराठी गाण्यात ही जाळी जरा जास्तच राबते. पाऊस, फुलं, भक्ती, भरती, भेट. आपल्याला भावना व्यक्त करायची तर फुंकर मारल्याशिवाय जमतच नाही.

स्टुडिओ झाल्याचं कळताच सोसायटीतल्या प्रत्येकाने अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायला सांगितले. शाकाहारी मंडळींनीसुद्धा. या ट्रेंनी होतं काय, तर फारसं काही नाही. खोलीतल्या खोलीत आवाज घुमू न देणं हे एक काम आणि बाहेरचा आवाज आत न येऊ देणं हे अगदीच दुसरं. घुमणं थांबवायला मऊ, जाड, सच्छिद्र काहीतरी लागतं. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. दाराखाली बोटभर फट राहिली की बाकीची भिंत कितीही भक्कम असो, कुकरची शिट्टी तिथून नेमकी आत शिरते. पुठ्ठ्याच्या ट्रेला ना पुरेसं वजन, ना पुरेशी जाडी. त्यामुळे चिरंजिवांनी फोम आणला, आणि फोम लावून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घरातली सर्वांत चांगली जागा म्हणजे माझं कपाट. दोन्ही दारं उघडली, आत तोंड केलं, की समोर शालू, पैठणी, इरकल आणि खाली सासूबाईंच्या दोन गोधड्या. आवाज गेला की परत म्हणून येत नाही. चिरंजिवांची सुरुवातीची बरीचशी गाणी माझ्या साड्यांना उद्देशून गायलेली आहेत. ती प्रेमगीतं आहेत असं सगळे म्हणतात.

गोधड्यांचाही एक दोष आहे. त्या वरच्या पट्टीचे आवाज गिळतात, खालचे सोडून देतात. खर्जाच्या लहरी लांबलचक असतात, त्यांना कापूस म्हणजे काहीच नाही. म्हणून आमच्याकडे भाजीवालीची हाक अडते पण ट्रकची घरघर आत येते. आणि गणपतीच्या आधी पुण्यात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले की स्टुडिओला सुट्टीच लागते. ताशा एकवेळ सोसवेल, ढोल कुठल्याही गोधडीला दाद देत नाही.

या सगळ्या खटाटोपाचा मूळपुरुष कोण, म्हणून मी शोधायला गेले तेव्हा लेस पॉल सापडले. ज्यांच्या नावाची गिब्सन गिटार 1952 पासून जगभरची तरुण मुलं आईवडिलांकडे मागत आली आहेत, तेच हे. 1915 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉकेशा गावी जन्म. लहानपणीच त्यांनी टेलिफोनचा माइक केला, ग्रामोफोनची सुई गिटारमध्ये खुपसून आवाज मोठा करून पाहिला आणि आईच्या पियानोला, जो भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीवर आपोआप वाजायचा, स्वतःची जादा भोकं पाडून जादा सूर वाजवायला लावले. त्या माउलीबद्दल मला अतिशय आदर आहे. पुढे हॉलिवुडला कर्सन अव्हेन्यूवरच्या घराच्या गॅरेजमध्ये त्यांनी स्टुडिओ केला, तेव्हा तबकड्या कोरायचं यंत्रही स्वतःच बनवलं. त्यात फिरतं चाक होतं कॅडिलॅक मोटारीचं फ्लायव्हील, आणि पट्टा होता दातांच्या डॉक्टरच्या यंत्राचा. 1946 साली डब्ल्यू. सी. फील्ड्ससारखा नामांकित विनोदी नट त्या गॅरेजमध्ये येऊन आपली ध्वनिमुद्रणं करून गेला. एकाच माणसाच्या इतक्या गिटारी एकदम ऐकून त्याने पॉलना ऑक्टोपस ठरवलं असं सांगतात.

इतक्या गिटारी कशासाठी, याचं उत्तर पुन्हा आईपाशी जातं. रेडिओवर काल तुला ऐकलं, फार छान वाजवलंस, असं तिने एकदा सांगितलं. पॉल म्हणाले, काल मी नव्हतोच. मग तिने जे ऐकवलं त्याचा सारांश असा, की हल्ली सगळेच तुझ्यासारखं वाजवतात, मग आईने तरी मुलगा ओळखायचा कसा? गृहस्थ बँड सोडून गॅरेजमध्ये जाऊन बसले. एक गिटार तबकडीवर कोरायची, ती वाजवत तिच्यावर दुसरी वाजवायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायच्या, मग तिसरी. काही सुरावटी अर्ध्या वेगाने कोरून पूर्ण वेगाने वाजवायच्या, म्हणजे माणसाच्या बोटांना शक्य नाही अशी वीज चमकते. त्यातून निघालेली 'लव्हर' ही रेकॉर्ड कॅपिटॉल कंपनीने 1948 साली काढली. तिच्यात आठ गिटारी आहेत आणि आठही पॉलच. आईला आता चुकायची सोय उरली नाही.

त्याच वर्षाच्या जानेवारीत ओक्लाहोमात बर्फावरून त्यांची गाडी घसरली आणि उजव्या कोपराचा चुरा झाला. हात पुन्हा वाकणार नाही म्हटल्यावर त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की मग गिटार धरता येईल अशाच कोनात तो कायमचा बसवा. तसा बसवला. या माणसाच्या घरी आपण राहत असतो तर आपलं काय झालं असतं, याची कल्पना करावी.

त्या घरी राहायला आली कॉलीन समर्स. पॉलनी तिचं नाव मेरी फोर्ड ठेवलं. आपल्याकडे लग्नात तांदळावर नाव लिहितात, तिचं लेबलवर लिहिलं गेलं. 1949 च्या शेवटी त्यांचं लग्न झालं, आणि त्याच वर्षी घरात आणखी एक पाहुणा आला. बिंग क्रॉस्बी या गायकाला रेडिओवर दर आठवड्याला ठरल्या वेळी हजर राहून गाण्याचा कंटाळा होता. महायुद्धानंतर जर्मनीहून आलेलं टेपचं तंत्र पाहून त्याने अँपेक्स या कंपनीत पैसे घातले आणि तिचं एक टेपयंत्र पॉलना भेट दिलं. अशा यंत्रात तीन हेड एका ओळीत असतात. पहिलं पुसतं, दुसरं लिहितं, तिसरं वाजवतं. पॉलनी पुसणाऱ्याच्याही अलीकडे वाजवणारं एक चौथं हेड बसवलं. टेप आधी तिथून जाते, जुना आवाज ऐकू येतो, त्यावर नवा मिसळतो, मधे जुना पुसला जातो आणि पुढे दोन्हींचं मिश्रण लिहिलं जातं. युक्ती अशी की एकाच यंत्रावर माणूस स्वतःबरोबर हवा तितक्या वेळा वाजवू शकतो. मेख अशी की प्रत्येक नवा थर चढताना आधीचा कायमचा जातो. अकरा थर बिनचूक झाले आणि बाराव्याला मेरीला ठसका लागला, वरून विमान गेलं किंवा दारात पोस्टमन उभा राहिला, तर पुन्हा पहिल्यापासून. चिरंजिवांच्या कॉम्प्युटरवर चूक परतवायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात. तेवढीही त्यांना कधी कधी जड वाटतात.

ही जोडी कुठेही मुद्रण करायची. झोपायच्या खोलीत, स्वयंपाकघरात, दौऱ्यावर हॉटेलात. 'हाउ हाय द मून' हे त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं 1951 साली न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्सच्या घरात झालं आणि नऊ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्यात मेरी म्हणजे एकटी मेरी नव्हे, एक अख्खी भजनी मंडळी आहे, सगळ्या मेरीच. पॉलनी तिला माइकच्या अगदी जवळ उभं केलं. तेव्हाचे गायक माइकपासून हातभर तरी लांब राहून गात. जवळून गायलं की श्वासही ऐकू येतो, कानात कुणी सांगतंय असं वाटतं. नेमक्या त्याच सुमारास, 1949 च्या 'महल'साठी, मुंबईत लता मंगेशकर खोलीच्या एका कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या, म्हणजे आवाज दुरून जवळ येतो आहे असं वाटावं. दोघी तरुण, आणि दोघींच्याही बाबतीत खरं वाद्य ठरलं ते माइकपासूनचं अंतर. फरक एवढाच की लताबाईंना गाणं संपल्यावर घरी जाता आलं. मेरी घरीच होती.

1953 पासून तर त्यांच्या घरगुती आयुष्याचाच टीव्हीवर पाच-पाच मिनिटांचा कार्यक्रम झाला, नावच 'ॲट होम'. प्रायोजक होते लिस्टरीन, गुळण्या करायचं औषध. घर न्यू जर्सीत माहवा गावी, डोंगराच्या कुशीत, आणि प्रतिध्वनी हवा म्हणून त्या डोंगरातच खोदलेल्या पोकळ्या. आपल्याकडे डोंगर खोदून लेणी केली, त्यांच्यातही आवाज सुरेख घुमतो, पण त्यासाठी कुणी खोदल्याचं ऐकिवात नाही. पुढे 1957 च्या सुमारास पॉलनी अँपेक्सकडून आठ पट्ट्यांचं पहिलं यंत्र घेतलं, किंमत 10,000 डॉलर. नाव पडलं ऑक्टोपस, फील्ड्सच्या आठवणीने. प्रत्येक आवाज टेपवरच्या आपापल्या पट्टीत राहणार, एकाची चूक दुसऱ्याला बाधणार नाही, चुकली ती पट्टी तेवढी पुन्हा करायची. संगीताच्या इतिहासात या शोधाला मोठा मान आहे. मला तो संसाराच्या इतिहासातही मोठा वाटतो. बायकोला ठसका लागला तरी चालेल, अशी सोय एका माणसाने इतके पैसे मोजून केली. पण उशीर झाला होता. 1964 मध्ये दोघं कायद्याने विभक्त झाली. मेरीला दौऱ्यांचा आणि त्या धावपळीचा वीट आला होता म्हणतात. 1977 मध्ये ती गेली. पॉल 2009 पर्यंत, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षापर्यंत, न्यू यॉर्कच्या एका क्लबात दर सोमवारी वाजवत राहिले. सोमवारी रात्री ते घरी नसत. ही व्यवस्था आधी केली असती तर, असं माझ्यासारखीच्या मनात येतंच.

नंतरचा इतिहास यंत्रं हलकी होण्याचा आहे. 1979 मध्ये टास्कॅम कंपनीने पोर्टास्टुडिओ काढला, साध्या कॅसेटवर चार पट्ट्या, काखेत मारून नेता येईल असा. तसल्याच एका यंत्रावर जानेवारी 1982 मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्याच कोल्ट्स नेकच्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत बसून आपली गाणी कच्ची म्हणून ठेवली. मिश्रण उतरवायला जो कॅसेट प्लेअर वापरला तो आधी नदीत बुडून पुन्हा जिवंत झालेला होता. मग ती कॅसेट, डबीशिवाय, तो खिशात घेऊन हिंडला. मोठ्या स्टुडिओत सगळा बँड उभा करून तीच गाणी पुन्हा केली तेव्हा त्यांच्यातला जीव गेला, म्हणून शेवटी त्या खिशातल्या कॅसेटवरूनच 'नेब्रास्का'ची तबकडी निघाली. या गोष्टीचं चिरंजिवांना फार कौतुक आहे. मी त्यांच्या एवढंच लक्षात आणून दिलं की त्या घरात स्प्रिंगस्टीनची आई राहत नव्हती.

आई राहत होती ती बिली आयलिशच्या घरात. लॉस एंजेलिसच्या हायलँड पार्क भागात लहानशा घरात आई, वडील, भाऊ फिनीअस आणि ती. भावाच्या झोपायच्या खोलीत दोघांनी 2019 चा अल्बम केला आणि 2020 च्या ग्रॅमीत चारही मुख्य पारितोषिकं घरी आणली. त्यातल्या एका गाण्यात सिडनीच्या रस्त्यावरचा, पादचाऱ्यांना चला म्हणणारा टिकटिकाट आहे, दुसऱ्यात दातांच्या डॉक्टरच्या ड्रिलचा आवाज. पॉलच्या तबकड्या कोरायच्या यंत्राचा पट्टा आठवला ना? घरगुती स्टुडिओवर दंतवैद्यांचे एवढे उपकार का, हे कुणीतरी शोधून काढावं. मला भारी वाटलं ते त्या आईवडिलांचं. पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज, दाराची बेल, या सगळ्यांना त्यांनी वर्षानुवर्षं कसं आवरलं असेल, त्याची मुलाखत कुणी घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आमच्याकडे आवरण्याचं एक शास्त्रच तयार झालं. कुकर लावायची वेळ दोन गाण्यांच्या मधे. मिक्सर सकाळी, झोपलेल्या कलावंताला उठवण्याच्या कामी येतो म्हणून. फ्रिज मधेच गुरगुरतो, तर मुद्रणाच्या वेळी तो बंद ठेवायचा आणि नंतर आठवणीने सुरू करायचा. आठवण कुणी ठेवायची हे ठरलेलं नसल्यामुळे आइस्क्रीम आणणं आम्ही सोडलं. पंखा बंद. एप्रिलमध्ये केलेल्या गाण्यातला दर्द खरा आहे, त्यात अभिनय नाही. ह्यांना शिंक आवरत नाही, म्हणून ते खाली पार्किंगमध्ये जाऊन उभे राहतात, आणि वॉचमनचा समज झाला आहे की आमच्या घरी काहीतरी बिनसलंय. सासूबाईंचं जप करणं तेवढं मनातल्या मनात होतं, पण माळेचे मणी एकमेकांवर टिकटिक करतात हे त्या कंडेन्सर माइकनेच आम्हाला पहिल्यांदा दाखवून दिलं. चाळीस वर्षांच्या जपात आमच्यापैकी कुणाला ते ऐकू आलं नव्हतं.

रिलीज शुक्रवारी होतं. रात्री बारा वाजता गाणं जगभर एकदम उपलब्ध होतं, आणि बारा वाजून दोन मिनिटांनी ते कुटुंबाच्या ग्रुपवर येतं. मामा अंगठा दाखवतात. साताऱ्याची मावशी फुलांचं चित्र पाठवते, त्यावर शुभ सकाळ लिहिलेलं असतं. न्यू जर्सीच्या वन्सं, म्हणजे चिरंजिवांच्या आत्या, तिथे दुपार असल्यामुळे सविस्तर अभिप्राय देतात. माहवा आणि कोल्ट्स नेक दोन्ही त्यांच्या राज्यातली, तेव्हा त्या विषयात त्यांचा अधिकार आहे असं त्यांना माझ्याकडून ही माहिती कळल्यापासून वाटू लागलं आहे.

एवढ्यात मात्र आमच्या शास्त्रावर गदा आली. चिरंजिवांनी नवं सॉफ्टवेअर आणलं. त्याला आधी नुसत्या खोलीचा आवाज थोडा वेळ ऐकवायचा, कुणी न गाता, न बोलता. त्यावरून ते घराची घरघर ओळखून घेतं आणि मग सगळ्या गाण्यातून नेमकी तेवढी वजा करतं. फ्रिज, पंखा, लांबचा रस्ता, माळेचे मणी, सगळं. म्हणाला, आई, आता तुम्हाला गप्प बसायची गरज नाही, तुम्ही असलात तरी मी काढून टाकू शकतो.

हे वाक्य त्याने फार प्रेमाने म्हटलं. मी फ्रिज चालू ठेवून विचार करत बसले. सासूबाईंनी विचार केला नाही, त्यांनी सरळ मागणी केली. गाण्याखाली नावं येतात ना, गीत अमुक, संगीत तमुक? तिथे आमची नावं घाल. काय म्हणून घालू, असं त्याने विचारलं. ते तू बघ, म्हणाल्या, एवढं शिकलास ना? पुढच्या शुक्रवारी गाण्याच्या माहितीत शेवटच्या ओळीत खरोखरच आम्हा तिघांची नावं आली, आजी, आई, बाबा या क्रमाने. कशाबद्दल ते लिहिलेलं नव्हतं. गिटार, तबला, की-बोर्ड आणि त्याखाली आम्ही.

लगेच न्यू जर्सीहून फोन. वन्संनी विचारलं, आईंनी नक्की काय वाजवलंय? मला तर कुठे ऐकू येत नाही.

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "आधी गाणं शेवटपर्यंत ऐक," त्या म्हणाल्या, "अमेरिकेत एकच जण ऐकतो आणि तोही पहिल्या मिनिटाला बंद करतो, असं त्या कॉम्प्युटरवर दिसतंय."